पायांची शिवशिव

चर्चगेटहून सुटलेल्या संध्याकाळच्या गाडींत बोरिवलीपर्यंत बसावयास जागा मिळणें हें उपनगरवासीयांच्या लेखीं मोठें भाग्यच होय. तथापि कांहीं माणसें अशीं असतात कीं, लाभलेली जागा अंधेरी येण्यापूर्वींच दुसऱ्यास देऊन तीं दाराशीं उभीं राहतात. शेजारचे त्यांस परोपकारी समजतात. वस्तुस्थिति निराळी असते. स्वस्थ बसतांच पोटऱ्यांत आंतल्या आंत कांहींतरी सरपटूं लागतें, आणि पाय हलविल्यावांचून जीव राहत नाहीं. हींच माणसें घाटकोपरच्या चाळींत मध्यरात्रीं गॅलरींत येरझारा घालतांना दिसतात, आणि घरच्यांस वाटतें कीं ह्यांना कसली तरी काळजी लागली आहे.

हा विकार नवा नव्हे. टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्यानें 1672 सालीं त्याचें वर्णन केलें. पुढें स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम ह्यांनीं 1945 सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि ‘अस्वस्थ पाय’ हें नांव रूढ झालें.

नवल असें कीं, तो कोणत्याही यंत्रांत पकडतां येत नाहीं. क्ष-किरणांचें चित्र निर्दोष निघतें. रोगी आपल्या शरीराविषयीं जें सांगेल तेंच निदानाचें मुख्य साधन, आणि घोटाळा होतो तो येथेंच. मुलुंडची एखादी गृहिणी डॉक्टरांस ‘पाय दुखतात’ एवढेंच सांगते व मलम घेऊन परत येते. वास्तविक दुखऱ्या पायास विश्रांतीनें बरें वाटतें. ह्या पायांस विश्रांतीच सोसत नाहीं. मराठींत अशा भेदांसाठीं शब्दांची वाण नाहीं. गोळा येतो तेव्हां स्नायू दगडासारखा आखडतो व हातास लागतो. मुंग्या येतात त्या पाय मुडपून बसल्यामुळें. पण ही जी बसल्यावर सुरू होणारी, दिवेलागणीनंतर वाढणारी आणि चालूं लागतांच शमणारी ओढ, तिला ‘शिवशिव’ हाच शब्द नेमका होय. ज्या भाषेंत हात शिवशिवतात, तींत पायांनींच काय पाप केलें आहे?

ह्या शिवशिवीचें मूळ पुष्कळदां लोहाच्या उणिवेंत असतें. मेंदूस लोह कमी पडलें कीं तेथील डोपामीन नामक द्रव्याचा व्यवहार बिघडतो, असें आजचे संशोधक मानतात. गरोदरपणीं आणि मूत्रपिंडें निकामी झालेल्यांस हा त्रास अधिक होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 54 रक्तक्षयग्रस्त आढळल्या, हें येथें विसरतां येत नाहीं. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असूं शकतो. तो फेरिटिनच्या तपासणींत कळतो. दर लिटरास 75 मायक्रोग्रॅमच्या आंत असल्यास लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. न मोजतां लोहाच्या गोळ्या गिळणें मात्र बरें नव्हे. जेवणाबरोबरचा चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. पण तो सोडा असें मुंबईकरांस सांगावें कोणी?

आणखी एक. झोप येत नाहीं म्हणून कित्येक घरांत सर्दीची, गुंगी आणणारी गोळी रात्रीं घेतली जाते. तशा बऱ्याच गोळ्यांनीं डोळे जड होतात आणि पाय अधिकच शिवशिवतात.