पासबुकातील कपात आणि एक पानाचा अर्ज



कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा प्रश्न लोंबकळत पडलेला असताना बँकेने खात्यातून कापून घेतलेल्या शे-दोनशे रुपयांवर व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. कारखान्याच्या दारात कामगाराचा एक रुपया कापला गेला तर आपण जाब विचारतो. तोच रुपया बँकेच्या दारात कापला गेला की मात्र तो खातेदाराचा खासगी मामला ठरतो. हा भेद मला मान्य नाही.

भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही कपात कशी होते ते पाहा. नवा कामगार रुजू झाला की कंत्राटदार त्याचे पगाराचे खाते उघडून देतो. अशा खात्यात सहसा किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. काही महिन्यांनी काम सुटते. पुढचा कंत्राटदार दुसऱ्याच बँकेत खाते काढायला लावतो. जुन्या खात्यात पगार येणे थांबले की काही काळाने बँक त्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर करते आणि किमान शिल्लकेची अट लागू होते. कामगाराच्या हे गावीही नसते. खात्यात उरलेले पाच-सातशे रुपये दंडापोटी हळूहळू संपतात. आणि पुढे कधी भविष्यनिर्वाह निधीची किंवा अन्य काही रक्कम त्या खात्यात आली, तर तीतूनही कपात होते.

ही कपात प्रत्येक वेळी बेकायदेशीर असते असे मी म्हणणार नाही. किमान शिल्लक किती असावी हे ठरविण्याची मोकळीक बँकांना आहे. परंतु त्या मोकळिकीला रिझर्व्ह बँकेने २०१४ साली मर्यादा घातल्या व त्या १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. शिल्लक कमी झाल्याचे खातेदारास संदेशाने, ई-मेलने वा पत्राने कळविले पाहिजे. त्यानंतर एक महिन्यात शिल्लक पूर्ववत झाली नाही तरच दंड घेता येतो. दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने जे खाते निष्क्रिय ठरले, त्यावर असा दंड लावताच येत नाही. आपल्या अर्जाचा सारा आधार या चार-दोन वाक्यांत आहे.

रकमा किरकोळ वाटतात, पण बेरीज किरकोळ नसते. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे १,७७२ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षातील जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील तिच्या नफ्याहून ही रक्कम मोठी होती. गाजावाजा झाला, दर उतरले आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने हा दंडच रद्द केला. सामान्य माणसाला पत मिळावी म्हणून १९६९ साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे आपण स्वागत केले होते. त्याच सार्वजनिक क्षेत्राने शिल्लक नसलेल्यांकडून कोट्यवधी रुपये वसूल करावेत, हे आपल्याला खटकलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांच्या अभ्यासाचे. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यांतून महिन्यात चारांहून अधिक वेळा पैसे गेले की स्टेट बँक दर व्यवहारास करासह १७ रुपये ७० पैसे घेत असे, डिजिटल व्यवहारांवरसुद्धा. हे नियमात बसत नाही, असे दास यांनी मांडले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना १ जानेवारी २०२० नंतरची डिजिटल व्यवहारांवरील अशी आकारणी परत करण्यास सांगितले. पुढे २०२१ मधील त्यांच्या अहवालानुसार सुमारे ९० कोटी रुपये परत झाले होते आणि त्याआधीच्या काळातले १६४ कोटी बँकेकडेच राहिले होते. कागद हाती घेऊन बसणारा एक माणूस किती करू शकतो, आणि त्याच्या पाठीशी संघटना नसली की काम कोठे अडते, ही दोन्ही उत्तरे यात आहेत.

आता, हे काम स्वतः करावे की जाणकारास पैसे देऊन करवून घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे: बचत खात्यावरील कपातीसाठी कोणालाही एक पैसा देऊ नये. खात्याचा उतारा घ्या, कपातीच्या नोंदी अधोरेखित करा, सूचना कोणत्या तारखेस पाठविली ते विचारा, परतफेड मागा आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. आपल्या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि बँका त्या दिवशी उघड्या असतात, ही सोय आपण वापरत नाही. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. २०२१ च्या एकात्मिक योजनेने तर वकिलामार्फत येणारी तक्रार वर्ज्य केली आणि अन्य प्रतिनिधीस मात्र मुभा दिली. हा प्रतिनिधी युनियनचा कार्यकर्ता का असू नये? मात्र दर फार आहे एवढेच लिहून भागणार नाही; बँकेच्या व्यापारी निर्णयात लोकपाल शिरत नाही. बँकेने कोणता नियम मोडला तेच दाखवावे लागते.

ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी साध्या पत्रांनी असे पैसे परत मिळविले. वसुलीतला हिस्सा घेणाऱ्या कंपन्याही लगेच उगवल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, त्या नियमांखाली या आकारणीचे वाजवीपण दरावरून तपासता येणार नाही, असा निर्णय बँकांच्या बाजूने दिला. दरावर भांडणे किती निसरडे असते हे त्यावरून कळावे.

जाणकाराची गरज असते ती वेगळ्या ठिकाणी. भोसरीतील लहान कारखानदाराच्या कॅश क्रेडिट खात्यातील व्याज व दंडाचा हिशेब सनदी लेखापालाकडूनच तपासून घ्यावा. पण फी आधी ठरवून द्यावी, वसुलीत टक्केवारी कबूल करू नये. ग्राहक आयोगापुढे मात्र आपली बाजू स्वतः मांडता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यातच उभी केली. तिच्या कार्यकर्त्यांशी आपला संबंध इतका तुटक का, हे मला कोडे आहे.

तेव्हा युनियनच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवा. बँक, शाखा, कपातीची तारीख, रक्कम, अर्जाची तारीख, उत्तर. एकाच शाखेच्या दहा नोंदी जमल्या की दहा अर्ज एकाच दिवशी द्या. आणि काम सुटलेल्या प्रत्येकाला हिशेबाचे पैसे घेतानाच सांगा की जुने खाते बंद कर, नाहीतर लेखी अर्ज देऊन ते किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यात बदलून घे.