वाळूखालचे तलकाडू
वाळवंट म्हटले की राजस्थानचे थर आठवते. परंतु बंगळूरहून अवघ्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर, भरल्या कावेरीच्या कुशीत, गंग राजांची एके काळची राजधानी तलकाडू वाळूच्या टेकड्यांखाली निजलेली आहे, हे नवलच! १११६ च्या सुमारास चोळांकडून हे नगर जिंकून घेतल्यावर होयसळ विष्णुवर्धनाने येथे कीर्तिनारायणाचे देवालय उभारले. आज तिथवर जाताना पाऊल घोट्यापर्यंत रुतते. अलमेलम्मा नामक राणीच्या शापाने नगर वाळूखाली गेले, अशी लोकश्रुती आहे. अभ्यासक मात्र नदीचे वळण, विजयनगरकालीन बंधाऱ्यामुळे उघडे पडलेले पात्र आणि नैर्ऋत्येचा वारा यांकडे बोट दाखवितात. मला दोन्ही वृत्तान्त प्रिय आहेत. येथील पाच शिवलिंगांच्या दर्शनाचा, म्हणजे पंचलिंगदर्शनाचा, दुर्मिळ योग आला की पूर्वी वाळू उपसून देवळे मोकळी करावी लागत.

एवढी वाळू असूनही येथे उंट मात्र नाहीत. रुक्ष माळावरचे प्राणिजीवन पाहू इच्छिणाऱ्याने बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर जिल्ह्याच्या मधुगिरी तालुक्यातील मैदनहळ्ळीस जावे. तेथे जयमंगली राखीव क्षेत्रात, पिवळ्या गवतावर, काळविटांचे कळप सकाळच्या उन्हात उड्या घेत असतात.