टाच मोकळी



डच स्पीड स्केटर खेरार्ड फान फेल्डेचं नाव काढलं की स्केटिंगचे शौकीन लगेच शतांश सेकंदांचा हिशेब मांडतात. १९९२, आल्बेरव्हीलचं हिवाळी ऑलिम्पिक, १००० मीटर : तिसऱ्या आलेल्या युकिनोरी मियाबेची वेळ १ मिनिट १४.९२ सेकंद, फान फेल्डेची १ मिनिट १४.९३. कांस्यपदक एका शतांशानं हुकलं. दहा वर्षांनी सॉल्ट लेक सिटी, ५०० मीटरच्या दोन शर्यतींची बेरीज : किप कारपेंटर ६९.४७, फान फेल्डे ६९.४९. पुन्हा चौथा! आणि मग चारच दिवसांनी १००० मीटरचं सुवर्णपदक, तेही विश्वविक्रमासह. गोष्ट झकासच आहे. हळहळायची सोय आहे, टाळ्यांचीही आहे. पण या दोन चौथ्या क्रमांकांच्या मधल्या दहा वर्षांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आजच्या बोलण्याचा सगळा रोख तिथे आहे. पदकाचं मागाहून बघू.

त्या दहा वर्षांत स्केटचा बूटच बदलला. आधी पातं बुटाला टाचेशी आणि चवड्याशी, दोन्हीकडे पक्कं बसवलेलं असे. रेटा देताना घोटा पूर्ण ताणला की पात्याचं टोक बर्फात रुतायचं, म्हणून घोटा आवरून धरायचा, हे पोरवयापासून अंगात मुरलेलं. आम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात खेरिट यान फान इंगेन स्खेनाउ आणि त्यांचे सहकारी यांनी याचा उलटा विचार केला. चवड्याखाली बिजागरी दिली आणि टाच सोडून दिली. आता पाय शेवटपर्यंत ताणला तरी पातं बर्फाला धरून राहतं, पोटरीचं बळ कामी येतं, आणि रेटा संपला की स्प्रिंगच्या ओढीनं पातं परत टाचेवर आपटतं. हाच क्लॅप स्केट.

डोळ्यांसमोर पायातली साधी रबरी स्लिपर आणा. पावसाळ्यात फटक-फटक करत, पोटरीवर चिखलाचे शिंतोडे उडवत आपण सगळेच चाललो आहोत. टाच आधी उठते, तळवा मागाहून येतो. जन्मभर लेस आवळलेले बूट घातलेल्या माणसाला कुणी एके दिवशी स्लिपर दिली, तर रमतगमत चालायला त्याला दोन दिवसांत जमेल. पण समोरून बस सुटते आहे आणि त्याला धावायचं आहे, तेव्हा काय होईल? स्लिपर त्याच्यापुढे चार हात! लांब पल्ल्याचे स्केटर हे त्या रमतगमत जाणाऱ्यांसारखे. त्यांना लय बसवायला वेळ मिळतो. (पाच-दहा हजार मीटरवाले हे ऐकून रागावतील, रागावू देत.) स्प्रिंटरचं मात्र सगळं आयुष्यच सुटलेल्या बसमागे. पिस्तूल वाजलं की पहिली पावलं तो घसरत नाही, अक्षरशः पळतो, आणि नेमकं तेव्हाच पातं पायाखाली लटपटतं.

म्हणून या बुटाचा पहिला बोलबाला झाला तो लांब अंतरांत. १९९७ साली हेरेनफेनला टॉनी दे याँगनं जर्मनीच्या बलाढ्य गुंडा नीमनला मागे टाकून युरोपीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा तिच्या पायात क्लॅप स्केट होते. पुढच्या वर्षी नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये तर सगळ्यांच्याच पायात ते आले. नेदरलँड्सनं तिथे स्पीड स्केटिंगची पाच सुवर्णपदकं जिंकली. १००० मीटरला ईड्स पोस्टमा पहिला, यान बोस दुसरा.

या चित्रात फान फेल्डे कुठेच नाही. नवा बूट त्याच्या पायाला वश होईना, तेव्हा त्यानं खेळ सोडला आणि मोटारगाड्या विकायला लागला.

इथे श्रोत्यांनी जरा थांबायला हवं. माणूस आळशी नव्हता, थकलाही नव्हता. जुन्या बुटावर तो जगातल्या पहिल्या चौघांत होता, आणि अडचण झाली ती त्याचीच. त्याला नवं शिकायचं होतंच, पण त्याआधी जे उत्तम येत होतं ते विसरायचं होतं. नवशिक्या पोराला स्लिपर घालून धावताना पाहा, त्याला काही विसरायचंच नसतं. शतांशाच्या गोष्टीत रमणाऱ्यांना हे दिसत नाही. एक शतांश हुकणं हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येतो. घोट्यात भिनलेली सवय उपटून काढणं नशिबावर सोडता येत नाही.

तो परत आला. गाड्यांची विक्री सोडून बर्फावर उतरला आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून शिकला.

१६ फेब्रुवारी २००२ ला सॉल्ट लेकच्या ओव्हलवर फान फेल्डेनं १००० मीटर १ मिनिट ७.१८ सेकंदांत संपवलं. दुसरा यान बोस ०.३५ सेकंदानं मागे. या अंतराच्या शर्यतीत एवढी तफावत म्हणजे चिक्कार. तिसरा अमेरिकेचा जोई चीक. ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरहून उंच, हवा विरळ, म्हणून वेळा चांगल्या येतात, असा फाटा काही जण फोडतात. बरोबर आहे, पण ती हवा बाकीच्यांनाही तेवढीच विरळ होती. आणि सुरुवात किती दगा देते पाहायचं असेल तर त्याच ऑलिम्पिकची ५०० मीटर आठवा. जेरेमी वॉदरस्पूनसारखा कसलेला कॅनेडियन सुटल्या सुटल्या कोसळला होता. फान फेल्डेचा विक्रम मात्र २००५ च्या नोव्हेंबरात शानी डेव्हिसनं मोडेपर्यंत टिकला.

तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पुन्हा सांगायला हवं, कारण हे निसटतं : हे सुवर्ण त्यानं जिंकलं ते त्याच बुटावर, ज्याच्यापायी त्यानं खेळ सोडला होता.

निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला. २०१४ साली सोचीत त्याचा शिष्य मिशेल मुल्डर ५०० मीटर जिंकला, आणि या अंतराचं ऑलिम्पिक सुवर्ण नेदरलँड्सला त्यापूर्वी कधीच मिळालं नव्हतं. यान स्मेकेन्सवर आघाडी किती? ०.०१२ सेकंद. शतांशवाले आता पुन्हा खूश होतील! होऊ देत. त्यांनी मुल्डर चाकांच्या स्केटवरून बर्फावर आलेला आहे, हेही बघावं. डांबरावरची चाल निराळी, बर्फावरची निराळी. एकीची सवय दुसरीत कुठे आड येते, हे ओळखायला फान फेल्डेइतका जाणकार डोळा कुठे मिळणार... पण समोरच्या काचेतून खूण होते आहे, तेव्हा हे इथेच.

यान बोसबद्दल बोलायचं राहूनच गेलं. नागानोत रौप्य, सॉल्ट लेकलाही रौप्य, दोन्ही १००० मीटरचीच. नवा बूट त्याला लवकर साधला. आणि हा गडी २००४ साली अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये चक्क सायकल घेऊन ट्रॅकवर उतरला. त्याच्यासाठी निराळी दहा मिनिटं मागून घ्यावी लागतील.