दुखणेकऱ्याची आशा व आपलें कर्तव्य



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवशीं एका दुःखाच्या विषयास आम्ही हात घालीत आहों, याची क्षमा असावी.

डोंबिवलीचे एक गृहस्थ आमच्या मदत-मंडळाकडे आले. त्यांच्या मुलाचे स्नायू दिवसेंदिवस झिजत चालले होते. एका दवाखान्यानें मूलपेशी टोंचण्यासाठीं लाखों रुपये मागितले होते. तेवढी वर्गणी धर्मग्रामांत जमवावी, ही त्यांची विनंति. "तुम्ही नाहीं म्हणालांत, तर मी लेंकराला काय तोंड दाखवूं?" असें ते म्हणाले.

आम्हीं दवाखान्यास तीन गोष्टी विचारल्या. हा उपचार चाचणी म्हणून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेला आहे काय? नीतिसमितीची संमति आहे काय? अपाय झाल्यास खर्च कोण सोसणार? लेखी उत्तर आलें नाहीं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, रक्तविकारांवरील मान्य प्रत्यारोपण सोडल्यास, मूलपेशी मंजूर चाचणीबाहेर देणें अनुचित होय. चाचणीमुळें अपाय झाल्यास 2019 च्या नियमांप्रमाणें फुकट औषधोपचार व भरपाई मिळते. चाचणीबाहेर प्रयोग तोच. परंतु धोकाहि रुग्णाचा आणि पैसाहि रुग्णाचाच.

कायदा निर्दय आहे असें मात्र नाहीं. जीवघेण्या रोगांत, परदेशीं मंजूर झालेलें परंतु येथें अद्याप मंजूर नसलेलें औषध सरकारी परवानगीनें रुग्णासाठीं आणवितां येतें. ही वाट त्याच नियमांत ठेविलेली आहे.

खरें संशोधनहि आपल्या जवळच चालतें. पवईची आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्र यांनीं मिळून, रुग्णाच्याच रक्तांतील लढाऊ पेशींत नवें जनुक घालून, कांहीं रक्तकर्करोगांवर उपचार सिद्ध केला. 2021 च्या जूनमध्यें खारघर येथें तो रुग्णास प्रथम दिला गेला. चाचण्यांनंतर 2023 च्या ऑक्टोबरांत त्यास सरकारी मंजुरी मिळाली. तें खारघर ठाण्याहून पनवेलच्या गाडीनें सरळ गांठतां येतें.

वर्गणी आम्हीं केली नाहीं. ते गृहस्थ रागावून गेले; त्यांचा राग आम्हांस अन्यायाचा वाटला नाहीं. नकार देऊन कर्तव्य संपत नाहीं, हें त्या दिवशीं कळलें. मुलाच्या चाकांच्या खुर्चीचा व व्यायामोपचाराचा खर्च आतां मंडळ सोसतें, आणि मोठ्या रुग्णालयांत जातांना आमच्यांतील एकजण त्यांच्या सोबतीस असतो.

बंधुभगिनींनो, अशी हांक पुन्हां येईल. तेव्हां आधीं ते तीन प्रश्न विचारा. आणि उत्तर कांहींहि येवो, त्या घराचा उंबरठा सोडूं नका.