दुखेल, पण थोडे

(सदाशिव पेठेतील एका वाड्यात, संध्याकाळच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



वर्गाच्या बाई आम्हाला म्हणाल्या, "सर, आज लसीवर बोला." आम्ही काही डॉक्टर नाही. आमचा सारा जन्म शाळेत गेला, शेवटची काही वर्षे हेडमास्तर म्हणून. लसीतलं औषध कसं काम करतं, ते डॉक्टरांनी सांगावं. सुईला भिणारं पोर कसं असतं, ते मात्र आम्ही पुष्कळ पाहिलं आहे.

आमच्या लहानपणी देवी काढायला माणूस येई. हातावर लसीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर बारीक दात असलेली चकती दाबून फिरवायची. त्याचा वण आमच्या हातावर अजून आहे. तुमच्यातल्या वयस्क बायांच्या हातावरही असेल, बघा. तो माणूस वाड्याच्या दिंडीत दिसला की आम्ही पोरं माळ्यावर जाऊन लपत असू. मग कुणीतरी तंगडी धरून खाली ओढी. पण त्या वणांनीच देवीचा रोग गेला. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली झाला. १९८० साली साऱ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले.

तेव्हा लस नको, असं आमच्या तोंडून तुम्ही ऐकणार नाही. सुईच्या वेळी आपण मोठी माणसं कशी वागतो, ते आज सांगायचं आहे. आणि त्यात पहिली चूक आमची स्वतःचीच सांगतो.

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना ती टोचायची होती. आमच्या शाळेतही टोचणारी माणसे आली. मुलांची रांग व्हरांड्यात उभी केली. पुढचा रडे, ते मागचे चाळीस पाहत. पाचवीतला एक मुलगा संडासात जाऊन लपला. आम्ही त्याला बाहेर काढले. "अरे, काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं," असं म्हणालो आणि दोन शिपायांना सांगून त्याला बाकावर आडवा धरला. लस टोचून झाली. यादीवर खूण पडली. आम्ही हात झटकले.

मग आम्ही निवृत्त झालो. २०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या मुलाची आई आमच्या घरी आली. पोराच्या पोटरीला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. त्याने दोन दिवस ते लपवलं. घरातही फुल पँट घालून हिंडत होता. जखम साबणाने धुतली नव्हती. बहिणीने रक्ताचा डाग पाहिला म्हणून कळलं. आणि आता तो दवाखान्यात यायला तयार नव्हता. "सर, तुमचं ऐकेल तो," ती म्हणाली.

पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि लस घेतली नाही, तर एकदा रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आम्ही तसेच उठलो. मुलगा कोपऱ्यात बसला होता. आमच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही तेव्हाही म्हणाला होता, दुखत नाही."

याला काय उत्तर देणार? आम्ही म्हटलं, "तेव्हा आम्ही खोटं बोललो. दुखतं." मग तो थोडा वळला. पोटात चौदा सुया घेतात, असं त्याला कुणी सांगितलं होतं. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता दंडावर टोचतात. तो उठला, पण आधी आम्ही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायला लावली.

दवाखान्यातल्या सिस्टर आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही दंडांवर टोचायचं आहे. आधी कोणता, ते तू सांग. जखमेभोवतीही औषध टोचावं लागेल, ते जास्त दुखेल. ओरडलास तरी चालेल, पाय मात्र हलवू नकोस." त्याने डावा हात पुढे केला. फुंकर मारल्यासारखा लांब श्वास सोडायला लावून त्यांनी सुई टोचली. जखमेच्या वेळी तो ओरडलाच. पण त्याला कुणी धरलं नव्हतं. पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो आपला आपण गेला.

मुंबईत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, जागा दुखली. मग सहा वर्षांच्या पोराला 'काही होत नाही' असं आपण कोणत्या तोंडाने सांगतो? आणि त्याच्या उलट, जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून, "थांब, डॉक्टरला सांगते सुई टोचायला!" हे तर घराघरांत चालतं. बागुलबुवा परवडला, तो खरा नसतो. सुईशी गाठ पडतेच.

तान्ह्या बाळाचं सांगतो. दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया असतात, शिवाय तोंडात थेंब. थेंब आधी द्या म्हणावं. मग बाळाला पाजायला घ्या आणि पाजता पाजता टोचू द्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या देशांना हाच सल्ला दिला. पाजणं, कुशीत घेणं, आडवं दाबून न धरणं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, पण दवाखान्यात गेल्यावर बाळ टेबलावर ठेवायचं असतं, असं आपल्याला उगीच वाटतं. थोड्या मोठ्या पोराला मांडीवर बसवा, गोष्ट सांगा, खुळखुळा दाखवा. टोचलेली जागा चोळू नका. ताप येईल म्हणून आधीच औषध पाजू नका. आला तर काय द्यायचं, ते सिस्टरना विचारून घ्या.

मोठ्यांचंही आहे. हडपसरला १९६६ सालापासून लसीचा कारखाना आहे. करोनाच्या लसीची पहिली खोकी १२ जानेवारी २०२१ ला तिथूनच देशभर निघाली. आणि इथे पेठेत बसून कित्येक माणसं सुईच्या भीतीने ती टाळत होती, लाजेने तसं सांगत मात्र नव्हती. कुणाला ताप होता, कुणाच्या घरी पाहुणे होते. सांगावं सरळ. सुई पाहून ज्याला घेरी येते, त्याने आधीच तसं सांगून आडवं पडून घ्यावं. डोकं हलकं वाटू लागलं तर मांड्या आणि पोट आवळावं, थोडं सोडावं, पुन्हा आवळावं. टोचल्यावर अर्धा तास बसून राहावं, लगेच घराकडे पळू नये.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि ज्यांच्याजवळ बाळाचं लसीचं कार्ड आहे, त्यांनी ते पुढे आणा. पुढची तारीख आज तुम्हीच वाचायची.