नगरचीं ख्रिस्ती देवळें आणि तेथील उपदेश



ज्या शहराला आतां सरकारी दप्तरांत अहिल्यानगर म्हणतात, परंतु जुनीं माणसें ज्याला नुसतें नगर म्हणूनच ओळखतात, त्या शहराविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. नगरचा भुईकोट किल्ला, निजामशाहीचें वैभव, चांदबिबीचें शौर्य हे विषय आपण पुष्कळ वेळां ऐकले असतील. आजचा विषय त्याहून साधा आहे. रविवारीं सकाळीं नगरच्या रस्त्यानें जाणाऱ्यास एकाच धर्माचे लोक निरनिराळ्या देवळांकडे जातांना दिसतात. कोठें ऑर्गनचा सूर, कोठें टाळ-पेटी, कोठें ढोल, तर कोठें केवळ घंटेचा टोला ऐकूं येतो. ह्यांचा देव एक आणि धर्मग्रंथ एक, तर देवळें इतकीं कां, हा प्रश्न मला शाळेंतील मुलें हटकून विचारीत. प्रश्न मुलांचा असला तरी पोरकट नाहीं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आपल्या मराठी भाषेच्या सामर्थ्याचीही एक गोष्ट हातीं येते. ती आपणांपुढें ठेवावी असा माझा हेतु आहे.

प्रथम हीं देवळें येथें आलीं कशीं तें पाहूं. १८०३ सालीं जनरल वेल्स्लीनें नगरचा किल्ला घेतला आणि पुढें शहराजवळ इंग्रजी फौजेची छावणी पडली. गोऱ्या शिपायांसाठीं तेथें इंग्रजींत उपासना होई, पण तिचा शहरवासीयांशीं फारसा संबंध नसे. मराठींतील उपदेशास आरंभ झाला तो अमेरिकन मराठी मिशनमुळें. ह्या मिशनचे पहिले लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले व १८३१ सालीं त्यांनीं नगरास ठाणें केलें. १८३३ सालीं येथें त्यांची पहिली मंडळी, म्हणजे उपासकांचा संघ, स्थापन झाली. १८४२ सालीं 'ज्ञानोदय' पत्र निघालें तें नगरासच. मिस सिंथिया फरार ह्या बाईंनीं नगरास मुलींच्या शाळा चालविल्या. १८४८ सालीं पुण्यास स्वतःची शाळा काढण्यापूर्वीं जोतीराव फुले यांनीं त्या पाहिल्या होत्या, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

अमेरिकनांच्या मागून दुसरे आले. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या राजमान्य चर्चचें, म्हणजे अँग्लिकन पंथाचें, मिशन नगरास आलें, आणि एकाच शेतांत दोन नांगर चालूं लागल्यावर व्हावयाची ती कुरबूरही झाली. त्याच शतकाच्या अखेरीस जेझुइट संघाच्या रोमन कॅथलिक धर्मगुरूंनीं जिल्ह्यांत केंदळ, वळण, संगमनेर ह्या बाजूस काम सुरू केलें. १८८२ सालीं मुंबईच्या बंदरांत मुक्तिफौजेची पहिली तुकडी उतरली. तिचा नायक फ्रेडरिक टकर हा पूर्वीं सरकारी सनदी नोकर होता. त्यानें नोकरी सोडली, भगवीं वस्त्रें घातलीं आणि 'फकीरसिंग' हें नांव घेतलें. पुढें ह्या फौजेनें नगरास जें रुग्णालय उभारलें, तें बूथ हॉस्पिटल ह्या नांवानें आज सर्व जातिधर्मांच्या लोकांस परिचित आहे.

आतां ह्या पंथांत भेद कां? मूळ भांडणें युरोपांतलीं. १५१७ सालीं जर्मनींत मार्टिन लूथरनें रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध आवाज उठविला. १५३४ सालीं इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानें पोपची सत्ता झुगारून स्वतःस तेथील चर्चचा प्रमुख ठरविलें. पुढें त्याच देशांत बिशपचीही सत्ता नको, प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, असें म्हणणारे लोक निघाले. त्यांतले कित्येक सतराव्या शतकांत अमेरिकेस गेले. नगरास आलेले अमेरिकन मिशनरी ह्याच परंपरेंतले. मुक्तिफौजेचा उगम १८६५ सालीं लंडनच्या गरीब वस्तींत विल्यम बूथनें सुरू केलेल्या कामांत आहे. ह्यांतला एकही वाद सीना नदीच्या कांठीं झालेला नव्हता. नेवासें किंवा राहुरी तालुक्यांतील शेतमजुरास हेन्री राजाच्या गृहकलहाशीं काय करावयाचें होतें? ज्या मिशनचा मास्तर गांवीं आधीं आला, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत ज्यानें धान्य व काम दिलें, त्याच्या देवळांत तो गेला. आणि तोच त्याचा व त्याच्या मुलांचा पंथ झाला.

देवळाच्या आंत शिरल्यावर हा भेद डोळ्यांस दिसतो. समोर मध्यभागीं काय ठेवलें आहे तें पाहावें, म्हणजे पंथ ओळखतां येतो. कॅथलिक देवळांत मध्यभागीं वेदी असते, पवित्र मरियेची व संतांची मूर्ति असते. तेथील मुख्य विधि मिस्सा, आणि प्रवचन त्याचें एक लहानसें अंग. अमेरिकन परंपरेच्या जुन्या देवळांत भिंती साध्या, मूर्ति नाहीं, आणि मान उपदेशकाच्या व्यासपीठाला. शास्त्रांतील एखादें वचन घेऊन पाळकानें त्याचा ऊहापोह करावयाचा, हाच तेथें उपासनेचा प्राण. अँग्लिकन देवळांत प्रार्थनासंग्रहाचें पुस्तक हातीं असतें. केव्हां उभें राहावें, केव्हां गुडघे टेंकावे, कोणत्या रविवारीं कोणता पाठ वाचावा, हें सारें ठरलेलें. मुक्तिफौजेच्या सभागृहांत गणवेश, निशाण, ढोल आणि समोर पश्चात्तापासाठीं एक बांक. तेथें बाप्तिस्मा नाहीं, प्रभुभोजनही नाहीं, कारण तिचा सारा भर अंतःकरणाच्या पालटावर व सेवेवर आहे.

गेल्या कांहीं दशकांत ह्यांत पेंटेकॉस्टल म्हणविणाऱ्या मंडळ्यांची भर पडली आहे. त्या बहुधा भाड्याच्या सभागृहांत जमतात. हात उंच करून मोठ्यानें प्रार्थना करतात. रोगमुक्तीसाठीं देवाला आळवितात. ह्यांना केवळ परकी वारें म्हणून झटकून टाकणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं प्रार्थनेची अशीच एक मोठी लाट उसळली होती, आणि जगभरचे ह्या पंथाचे इतिहासकार तिची आवर्जून नोंद घेतात.

मास्तरकीची संवय म्हणून माझें लक्ष विधींहून अधिक शब्दांकडे जातें. एकाच संस्कारास प्रॉटेस्टंट लोक बाप्तिस्मा म्हणतात, कॅथलिक लोक स्नानसंस्कार म्हणतात. एकाकडे पाळक, दुसऱ्याकडे फादर. एकाकडे उपासना, दुसऱ्याकडे मिस्सा. शब्दांवरून माणसाची मंडळी कळावी इतकी ही वाटणी पक्की होती. त्यांत कॅथलिकांचा मिस्सा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिन भाषेंत चाले. १९६२ ते १९६५ ह्या काळांत रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो मराठींत होऊं लागला, आणि वेदीवरून येणारे शब्द खेड्यांतल्या म्हातारीलाही कळूं लागले.

परंतु मराठीनें ह्या पंथांना आपलेसें करण्याचें काम त्याच्या पुष्कळ आधीं सुरू केलें होतें. गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांत बायबलची कथा आपल्या पुराणांच्या थाटांत सांगितली आहे. पुढें अडीचशें वर्षांनीं नगरच्या बाजूस तीच गरज नव्यानें भासली. गद्य व्याख्यान ऐकण्याची खेडुतांना संवय नव्हती, आणि इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें त्यांच्या गळ्यांत बसत नव्हतीं. तेव्हां कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. मांडणी आपल्याच हरदासांची. पूर्वरंगांत शास्त्रवचनावर निरूपण करावयाचें आणि उत्तररंगांत आख्यान लावावयाचें. घर सोडून गेलेला, सर्वस्व उधळलेला आणि शेवटीं बापाच्या दारीं परत आलेला पुत्र ही शुभवर्तमानांतली कथा साकी, दिंडी, ओवी अशा परिचित छंदांत गाइली जाऊं लागली, आणि व्याख्यान ऐकून निघून जाणारे लोक रात्रीं उशीरापर्यंत बसूं लागले.

ह्याच मातींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें काम रुजलें. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरचीं पुष्कळ वर्षें नगरास काढलीं. तुकोबांच्या अभंगाचें वळण घेऊन त्यांनीं रचलेलीं भजनें पंथापंथांच्या भिंती ओलांडून गेलीं. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, त्यांनीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेला व न झालेला असा भेद न करतां ख्रिस्ताच्या सर्व भक्तांनीं त्यांत यावें अशी त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांनीं ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाहीं, पण भजनें टिकलीं. कॅथलिकांनींही लोकांच्या जुन्या संवयीचा असाच आदर केला. श्रीरामपूरजवळ हरेगांव येथें १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. तिला मराठी मुलखांतून हजारों लोक जातात, आणि ते सारेच ख्रिस्ती असतात असें नाहीं.

येथवर भाषेनें जोडलेल्या गोष्टी सांगितल्या. तिला जें जोडतां आलें नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाजांत बहुसंख्य कुटुंबें पूर्वाश्रमींच्या महार व मांग समाजांतलीं आहेत. ज्यांना गांवच्या पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, त्यांना देवळांत ब्राह्मण ख्रिस्त्याच्या शेजारीं बांकावर जागा मिळाली आणि एकाच पंक्तीस प्रभुभोजन मिळालें, ही गोष्ट लहान नव्हती. पण बांकावर बसणें सोपें. मनांतली जात जाणें कठीण. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रां'त हें फार प्रांजळपणें सांगितलें आहे. पतीनें धर्मांतर केल्यानंतरही त्या कित्येक वर्षें सोंवळें पाळीत होत्या, आणि एके दिवशीं स्वतःशींच विचार करतां करतां त्यांनीं तें सोडलें. असा एकांतांतला विचार सर्वांच्याच वांट्यास येत नाहीं. त्यामुळें लग्नाच्या बोलण्यांत जुनी जात अनेक घरांतून डोकावत राहिली आणि तिच्यावर पंथाची नवी भिंत चढली. एका आज्याचीं नातवंडें दोन देवळांत वांटलीं गेलीं, कीं सोयरिकीला जातीबरोबर पंथाचीही अडचण उभी राहते.

कायद्यानेंही ह्या समाजाला पेंचांत टाकलें आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ सालीं शिखांना व १९९० सालीं बौद्धांना त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळालें नाहीं. धर्म बदलला म्हणून जात संपली असें कायदा धरून चालतो, आणि गांव मात्र ती विसरत नाहीं.

ऐक्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नव्हे. १९७० सालच्या २९ नोव्हेंबर रोजीं नागपूर येथें सहा प्रॉटेस्टंट संस्था एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. अमेरिकन मिशनचा वारसा व अँग्लिकन वारसा एका छपराखालीं आले. बिशप नको म्हणणाऱ्यांच्या वंशजांनीं बिशप मानला. पुढें देशांत कांहीं ठिकाणीं मालमत्तेवरून तंटे कोर्टांत गेले, आणि सह्यांनीं झालेलें ऐक्य मनांत उतरण्यास किती अवधि लागतो तें दिसून आलें. कॅथलिक व मुक्तिफौज आपापल्या जागीं आहेत. तरीही घरांत मृत्यु झाला म्हणजे शेजारीपाजारी कोणत्या देवळाचे हें कोणी विचारीत नाहीं. सारे जमतात, आणि सर्वांच्या तोंडीं एकच भजन असतें.

म्हणून मला आज काळजी वाटते ती देवळांच्या संख्येची नाहीं. देवळें पुष्कळ असावींत. ज्याला शांतता हवी त्यानें वेदीपुढें बसावें, ज्याला ढोल हवा त्यानें ढोलामागें जावें. काळजी वाटते ती त्या समाईक भाषेची. इंग्रजी शाळांत वाढलेल्या मुलांना साकी म्हणजे काय तें ठाऊक नसतें, आणि यंत्रांच्या भोंग्यांतून होणाऱ्या उपदेशांत उसन्या शब्दांचा व उसन्या आवेशाचा भरणा वाढतो आहे. ज्या एका दोरानें ह्या निरनिराळ्या देवळांना एकमेकांशीं आणि बाकीच्या शहराशीं बांधून ठेवलें, तो दोर झिजला, तर मागें उरतील त्या नुसत्या भिंती.

आपण कोणत्याही धर्माचे असा. नगरास किंवा अन्यत्र कोठें ख्रिस्ती कीर्तन असल्याचें कळलें, तर एक रात्र तेथें जाऊन बसावें एवढीच माझी विनंती आहे. सर्व सिद्धांत पटावेत असें नाहीं. पण आपल्याच शहरांतला शेजारी रविवारीं कोठें जातो व काय ऐकतो, हें त्याच्या तोंडून आणि आपल्या भाषेंत ऐकण्याजोगें आहे.