दोन लिप्या वाचणारे कुठे आहेत?



मुलीनं ‘मराठीत किंवा उर्दूत पीएचडी करते’ म्हटलं की घरातून पहिला सवाल येतो, पोटाचं काय? मी इंजिनिअर आहे, हा सवाल मला हलका वाटत नाही. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात. मौलाना आझाद फेलोशिप केंद्रानं २०२२ मध्ये बंद केली, त्याचा फटका थेट आपल्याच मुलांना बसला. उरते नेटची जेआरएफ. सुरुवातीला महिना ३७ हजार, पण वयाची अट ३०. मुलींना आणि ओबीसींना पाच वर्षांची सवलत आहे. जात केंद्राच्या यादीत असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला आधी काढा. आपली पोरं इथंच अडकतात. नोकरी असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळही करता येते.

मग करायची कशासाठी? आदिलशाहीचे कितीतरी कागद फारसी आणि मोडी मराठी, दोन्हींत आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. दखनी तर आपल्या नानीच्या तोंडात आहे. हे सगळं एकत्र वाचणारा माणूस शोधून सापडत नाही. झेडपीच्या शाळेत मराठी आणि घरी उर्दू लिपी शिकलेल्या पोरांकडे निम्मी तयारी आहेच. मोडी शिकायची राहते, ती काही महिन्यांत येते. फारसीला वेळ लागेल, लागू द्या.

विषय ठरवायच्या आधी गाइडला भेटा. त्याला दोन्ही लिप्या येतात का, तेही विचारा.